बाळंतिणीचा ताप आणि डॉक्टरांचा वाद

  आज आपण इतिहासातला एक वाद ऐकणार आहोत. वाद घातला मोठमोठ्या डॉक्टरांनी आणि जीव गेले बाळंतिणींचे. म्हणून दूरदेशी, पावणेदोनशे वर्षांपूर्वी झालेला हा वाद आपलाही आहे.

वाद कशाचा, ते आधी घरातल्या उदाहरणावरून बघू. गावात कोंबड्यांना मर लागते. एक बाई म्हणते, "ज्यांनी बाजारातून नवी कोंबडी आणली, त्यांच्याच खुराड्यात आधी मर सुरू झाली. मी घरं मोजलीत." दुसरी म्हणते, "असं काही नसतं गं. हवा बदलली की मानमोडी येतेच." पहिलीनं डोळ्यांनी बघितलं, बोटांवर मोजलं, पण तिला विचारलं की नव्या कोंबडीतून रोग जातो कसा, तर तिला सांगता येत नाही. दुसरीकडे कारण तयार आहे, पण तिनं एकही घर मोजलेलं नाही. पहिलीच्या वाटेला म्हणतात निरीक्षण. दुसरीच्या वाटेला म्हणतात सिद्धांत, म्हणजे एखादी गोष्ट का घडते याचं मनात जुळवलेलं कारण. विज्ञानाला दोन्ही लागतात. तरीही या दोन वाटांवरचे लोक विज्ञानात पुष्कळ वेळा भांडले आहेत. आजची गोष्ट त्यातल्या एका भांडणाची.

ऑस्ट्रिया देशाची राजधानी व्हिएन्ना. तिथं एक फार मोठं सरकारी इस्पितळ होतं. गरीब बायकांना तिथं फुकट बाळंत होता येई. नवरा नसलेल्या, मोलमजुरी करणाऱ्या, घरकाम करणाऱ्या कितीतरी बायका तिथं येत. त्या बदल्यात त्यांच्यावर डॉक्टरकीचे विद्यार्थी आणि सुईणपण शिकणाऱ्या बाया हात चालवायला शिकत. या बाळंतपणाच्या खात्याचे दोन विभाग होते. १८४० च्या सुमारास हुकूम निघाला की पहिल्या विभागात फक्त डॉक्टरकीची मुलं शिकतील आणि दुसऱ्या विभागात फक्त सुईणी. दाखल करण्याचे दिवस वाटून दिलेले होते. आज आलेली बाई पहिल्या विभागात, तर उद्या आलेली दुसऱ्या. कोणती बाई कुठं जाणार, हे नुसतं वारावर ठरे.

त्या काळी बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांत बाईला थंडी वाजून ताप भरे, पोट फुगे, दुखून दुखून ती कळवळे आणि आठवड्याच्या आत मरे. पुष्कळदा बाळही जाई. आपल्याकडे जुन्या बाया याला बाळंतरोग म्हणत. पुस्तकात सूतिकाज्वर म्हणतात.

आता इस्पितळाच्या रजिस्टरमधले आकडे ऐका. १८४१ ते १८४६ या सहा वर्षांत पहिल्या विभागात, म्हणजे डॉक्टरांच्या विभागात, २०,०४२ बाळंतपणं झाली आणि १,९८९ आया मेल्या. दुसऱ्या विभागात, सुईणींच्या हाताखाली, १७,७९१ बाळंतपणं झाली आणि ६९१ आया मेल्या. म्हणजे डॉक्टरांकडे शंभरातल्या दहा आणि सुईणींकडे शंभरातल्या चार. इमारत तीच, शहर तेच, बायका त्याच गरीब वस्तीतल्या, तरी एवढा फरक.

हा फरक सगळ्यांत आधी कुणाच्या ध्यानात आला असेल? बायकांच्या. शहरातल्या बायकांना पक्कं ठाऊक होतं की पहिल्या विभागात जाणं म्हणजे मरणाला बोलावणं. आपला दिवस पहिल्या विभागाचा निघाला की बाया गुडघे टेकून, हात जोडून विनवत की आम्हाला तिथं पाठवू नका. काही जणी तर मुद्दाम उशीर करत आणि वाटेतच बाळंत होत. या बायकांकडे कागद नव्हता, पदवी नव्हती. पण त्यांनी बघितलं होतं, एकमेकींना सांगितलं होतं आणि त्यांचं बोलणं खरं होतं. तरी त्याला कुणी पुरावा म्हटलं नाही. बायकांची भीती म्हणून ते सोडून दिलं गेलं.

इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांना मरणं दिसत नव्हती असं नाही. पण त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. त्या वेळचा मोठा सिद्धांत असा, की हवेत, जमिनीत, ऋतुमानात काही बिघाड होतो, दूषित हवा पसरते आणि त्यातून साथी येतात. बाळंतिणीचं अंग नाजूक, म्हणून तिला हा बिघाड आधी बाधतो. विभागाचे प्रमुख प्राध्यापक योहान क्लाइन यांचंही मत असंच होतं.

या सिद्धांताला आज आपण हसू नये. घाणीच्या जागी रोग जास्त होतो, हे त्या लोकांना दिसत होतं. दूषित हवेच्या भीतीनं युरोपातल्या शहरांनी गटारं बांधली, खिडक्या मोठ्या केल्या. दवाखान्यातल्या सेवेला शिस्त लावणारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल हीसुद्धा पुष्कळ वर्षं दूषित हवेलाच दोष देत होती आणि तिच्या स्वच्छतेनं लोकांचं भलंच झालं. सिद्धांत अर्धा चुकला तरी त्यातून चांगलं काम होऊ शकतं. अडचण येते ती, समोरचे आकडे सिद्धांताशी जुळत नसतानाही आकड्यांकडे पाठ फिरवली जाते तेव्हा.

१८४६ साली या पहिल्या विभागात एक तरुण डॉक्टर मदतनीस म्हणून आला. नाव इग्नाझ सेमेलवाइस. मूळचा हंगेरी देशातल्या बुडा गावचा, वय अठ्ठावीस. त्यानं एक साधा प्रश्न विचारला. रोग हवेतून येतो, तर हवा दोन्ही विभागांत एकच आहे. मग मरणं एका विभागात जास्त का? आणि वाटेत, रस्त्यावर बाळंत होऊन मग दाखल झालेल्या बायकांना हा ताप कमी का येतो? त्यांना तर हवा जास्तच लागली असणार.

मग त्यानं एक एक कारण घेऊन ताडून बघायला सुरुवात केली. कुणी म्हणे, पहिल्या विभागात गर्दी फार. त्यानं मोजलं, तर गर्दी दुसऱ्याच विभागात जास्त, कारण सगळ्या बायका तिकडंच पळत. कुणी म्हणे, मरणाऱ्या बाईला शेवटची प्रार्थना ऐकवायला धर्मगुरू घंटा वाजवत वॉर्डांतून जातो, ती घंटा ऐकून बायका भेदरतात आणि आजारी पडतात. त्यानं धर्मगुरूंना विनंती करून घंटा बंद करवली, वाट बदलायला लावली. मरणं तशीच राहिली. दुसऱ्या विभागात बायकांना कुशीवर झोपवून बाळंत करत, म्हणून त्यानं पहिल्या विभागातही तसं करून पाहिलं. काही फरक नाही. एका चौकशी समितीनं ठरवलं होतं की परदेशी विद्यार्थी तपासताना धसमुसळेपणा करतात. त्यांची संख्या कमी केली. थोडे दिवस मरणं घटली आणि पुन्हा वाढली.

मैत्रिणींनो, ही यादी नीट ऐका. तो सिद्धांत सोडून नुसता आकडे मोजत बसला नव्हता. प्रत्येक वेळी तो आधी एक कारण धरत होता, मग ते खरं असेल तर काय दिसलं पाहिजे हे ठरवत होता आणि मग बघत होता. कारण धरल्याशिवाय काय मोजायचं तेच कळत नाही. आणि मोजल्याशिवाय धरलेलं कारण खरं की खोटं ते कळत नाही.

मार्च १८४७ मध्ये त्याचा एक वडीलधारा मित्र, याकोब कोलेचका नावाचा डॉक्टर, अचानक वारला. प्रेत चिरून तपासताना एका विद्यार्थ्याची सुरी त्याच्या बोटाला लागली होती. जखम बारीक. पण ताप भरला, अंगभर विष पसरलं आणि तो गेला. त्याच्या प्रेताच्या तपासणीचा कागद सेमेलवाइसनं वाचला, तेव्हा तो हादरला. आतमध्ये जे बिघाड झाले होते, ते बाळंतिणींच्या अंगात दिसणाऱ्या बिघाडांसारखेच होते. पुरुषाला बाळंतज्वर? तेव्हा त्याला वाटलं, रोग एकच असणार. कोलेचकाच्या अंगात प्रेताचे कण सुरीनं गेले. मग बाळंतिणींच्या अंगात कशानं जातात?

उत्तर हातांत होतं. डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी मेलेल्यांची प्रेतं चिरून अभ्यास करत आणि तिथून थेट येऊन बाळंतिणींची अंगावरून तपासणी करत. हात साबणानं धूत, पण हाताचा वास जात नसे. सुईणी मात्र प्रेतांना हात लावत नव्हत्या, त्यांच्या शिक्षणात ते नव्हतंच. दोन विभागांतला फरक हाच होता. रस्त्यात बाळंत झालेल्या बायका का वाचत, तेही उलगडलं. त्यांना तपासायला वेळच मिळालेला नसे.

सेमेलवाइसनं विचार केला, हाताचा वास जाईल असं काही हवं. मे १८४७ मध्ये त्यानं नियम लावला की बाळंतिणीला हात लावण्याआधी प्रत्येकानं क्लोरीनच्या पाण्यात हात घासून धुवायचे. पुढं स्वस्त पडतं म्हणून क्लोरीनची चुनखडी वापरली. ही चुनखडी म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर, पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती.

आता आकडे बघा. एप्रिल १८४७ मध्ये पहिल्या विभागात ३१२ बाळंतपणं आणि ५७ मरणं. जूनमध्ये २६८ बाळंतपणं आणि ६ मरणं. जुलैमध्ये २५० बाळंतपणं आणि ३ मरणं. पुढच्या १८४८ सालात ३,५५६ बाळंतपणांत ४५ आया गेल्या, म्हणजे शंभरात जेमतेम सव्वा. त्या वर्षी मार्च आणि ऑगस्ट महिन्यांत तर पहिल्या विभागात एकही आई मेली नाही. औषध नवं नव्हतं, इमारत नवी नव्हती. फक्त हात धुतले जात होते.

मध्येच एक धक्का बसला. ऑक्टोबर १८४७ मध्ये गर्भाशयाचा कर्करोग होऊन पू वाहणारी एक बाई पहिल्या खाटेवर होती. तिला तपासून डॉक्टर पुढच्या खाटांवरच्या बायकांकडे गेले, दोन बायकांच्या मध्ये हात फक्त साबणानं धुऊन. त्या ओळीतल्या बारा बायकांपैकी अकरा मेल्या. म्हणजे विष फक्त प्रेतांतून येत नव्हतं, जिवंत माणसाच्या सडलेल्या जखमेतूनही येत होतं. सेमेलवाइसनं आपलं म्हणणं तिथल्या तिथं सुधारलं आणि नियम केला की प्रत्येक बाईला तपासण्याआधी औषधाच्या पाण्यानं हात धुवायचे. नवीन दिसलं म्हणून सिद्धांत बदलला.

आता तुम्हाला वाटेल, एवढे आकडे बघून सगळ्यांनी हात धुवायला सुरुवात केली असेल. तसं झालं नाही. इथूनच खरा वाद पेटला.

हेब्रा, स्कोडा आणि रोकितान्स्की हे व्हिएन्नातले नामांकित डॉक्टर सेमेलवाइसच्या बाजूनं उभे राहिले. बाकी पुष्कळांनी मान हलवली नाही. कोपनहेगनचे प्राध्यापक कार्ल लेव्ही यांचा मुद्दा असा होता, की डोळ्यांना न दिसणारा एवढासा मळ एवढ्या बायकांना मारील हे पटण्यासारखं नाही. जर्मनीतले रुडॉल्फ फिरखो हे त्या काळचे फार मोठे शास्त्रज्ञ. शरीर पेशींचं बनलेलं असतं आणि रोग पेशींतल्या बिघाडातून होतो, हे त्यांनी मांडलं आणि ते काम आजही मोलाचं मानतात. पण त्या सिद्धांतात बाहेरून येणाऱ्या एका विषाला फारशी जागा नव्हती, म्हणून त्यांनी पुष्कळ वर्षं हे मानलं नाही. व्हिएन्नात सेमेलवाइसच्या जागी आलेल्या डॉक्टरनं पुढं पुस्तक लिहिलं, त्यात बाळंतज्वराची तीस कारणं दिली आणि प्रेताचं विष यादीत पार शेवटाकडं टाकलं.

यात नुसता सिद्धांताचा प्रश्न नव्हता, मानाचाही होता. सेमेलवाइसचं खरं मानायचं, तर डॉक्टरला कबूल करावं लागलं असतं की आपल्याच हातांनी बायका मेल्या. खुद्द सेमेलवाइसनं ते स्वतःबद्दल लिहून कबूल केलं होतं. सगळ्यांना ते झेपलं नाही. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात चार्ल्स मेग्ज नावाचे मोठे प्राध्यापक होते. त्यांचं म्हणणं असं, की डॉक्टर सभ्य घरचे असतात आणि सभ्य माणसाचे हात स्वच्छच असतात.

आणि सेमेलवाइस हा काही पहिला नव्हता. स्कॉटलंडमधल्या अबर्डीन गावी अलेक्झांडर गॉर्डन नावाच्या डॉक्टरनं १७९५ साली पुस्तक काढलं होतं. त्यानं ७७ आजारी बाळंतिणींची यादी केली आणि प्रत्येकीसमोर लिहिलं, हिचं बाळंतपण कोणत्या सुईणीनं किंवा डॉक्टरनं केलं. यादी बोलू लागली. रोग ठरावीक माणसांच्या पाठोपाठ घरोघर जात होता. गॉर्डननं स्वतःचं नावही त्या यादीतून वगळलं नाही. गावाला ते रुचलं नाही. त्याला गाव सोडावं लागलं. १८४३ साली अमेरिकेत बोस्टनच्या ऑलिव्हर वेंडेल होम्स या डॉक्टरनं इकडून तिकडून घटना गोळा करून हेच सांगितलं. मेग्ज यांचा राग होता तो या होम्सवर. म्हणजे तीन देशांत तीन माणसांनी वेगवेगळं बघून एकच गोष्ट सांगितली आणि तिन्हीकडं उत्तर मिळालं की आमच्या सिद्धांतात हे बसत नाही.

पण न्यायानं बोलायचं तर दुसऱ्या बाजूचंही ऐकलं पाहिजे. विरोधकांचा एक प्रश्न अगदी रास्त होता. हा मळ नेमका आहे तरी काय? तो कसा मारतो? सेमेलवाइसकडे याचं पक्कं उत्तर नव्हतं. तो म्हणे, सडलेल्या शरीराचे कण. पण सडलेलं मांस तर सगळीकडे असतं, त्यातून दर वेळी रोग का होत नाही? शिवाय तो अडून बसला की प्रत्येक बाळंतज्वराचं कारण हे एकच. एवढं ठाम बोलल्यामुळे, ज्यांनी थोडं वेगळं पाहिलं होतं ते डॉक्टरही दुरावले. त्यातून त्यानं स्वतः लिहायला फार उशीर केला. पहिली कित्येक वर्षं त्याचे मित्रच त्याच्या वतीनं लिहीत होते. त्याचं मोठं पुस्तक आलं १८६१ साली, शोधानंतर चौदा वर्षांनी. तोवर लोकांना त्याचं म्हणणं अर्धवट, तोंडातोंडी कळलेलं होतं. आकडे खरे असूनही ते वेळेवर, नीट मांडले नाहीत तर काय होतं, ते यात दिसतं.

१८४९ साली त्याची व्हिएन्नातली नेमणूक संपली, ती वाढवून मिळाली नाही. तो हंगेरीला पेस्ट शहरात गेला. तिथल्या एका इस्पितळात त्यानं हात धुण्याचा नियम लावला आणि पाच-सहा वर्षांत ९३३ बाळंतपणांत बाळंतज्वरानं फक्त ८ आया गेल्या. तरीही बाहेरचं जग हललं नाही. मग त्याचा तोल सुटू लागला. त्यानं विरोधकांना उघड पत्रं लिहिली, त्यांना खुनी म्हटलं. त्यानं माणसं आणखी लांब गेली. १८६५ साली त्याला वेड्यांच्या इस्पितळात नेऊन ठेवलं आणि दोन आठवड्यांत तो वारला. वय सत्तेचाळीस. मरण आलं तेही जखम चिघळून, विष अंगात पसरून. ज्या प्रकारच्या मरणापासून त्यानं बायकांना वाचवलं, तेच त्याला आलं.

मग वाद मिटला कसा? लुई पाश्चर या फ्रान्सच्या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव असतात, त्यांच्यामुळे दूध नासतं, द्राक्षांचा रस आंबतो आणि रोगही होतात. त्याच आधारावर इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये जखमा औषधानं धुण्याची पद्धत मांडली. १८७९ साली पॅरिसमध्ये डॉक्टरांच्या सभेत बाळंतज्वराच्या कारणांवर एक जण भाषण करत होते. पाश्चरनं त्यांना मध्येच अडवलं, उठून फळ्यावर मण्यांच्या माळेसारखे जंतू काढून दाखवले आणि सांगितलं की बाळंतज्वर यांच्यामुळे होतो आणि ते डॉक्टर-नर्सच्या हातांवरून एका बाईकडून दुसरीकडे जातात.

आता सेमेलवाइसच्या आकड्यांना कारण मिळालं. "कसं" याचं उत्तर मिळालं, तशी हात धुण्याची रीत दवाखान्यादवाखान्यांत रुजू लागली. निरीक्षणानं १८४७ मध्ये सांगितलं होतं, सिद्धांतानं १८७९ मध्ये होकार दिला. मधल्या बत्तीस वर्षांत युरोप-अमेरिकेत किती आया गेल्या असतील, याचा हिशोब कुठल्याच एका रजिस्टरमध्ये नाही.

याच्याशी आपलं नातं काय, तेही सांगतो. सेमेलवाइस वारला त्या १८६५ सालीच आपल्याकडे आनंदीबाई जोशी जन्मल्या. चौदाव्या वर्षी त्या बाळंत झाल्या आणि बाळ दहा दिवसांत गेलं. पुढं त्या डॉक्टर व्हायला गेल्या ते फिलाडेल्फियालाच, म्हणजे जिथं मेग्ज शिकवत होते त्याच शहरात. पण आता काळ बदलला होता. बायकांसाठी वेगळं मेडिकल कॉलेज होतं. १८८६ साली आनंदीबाईंनी पदवी घेतली, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. बाळंतिणीचं आणि बाळाचं मरण त्यांना परकं नव्हतं.

अलीकडची गोष्ट गडचिरोलीची. नव्वदच्या दशकात सगळीकडं ठाम मत होतं की नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला तर त्यावर दवाखान्यात डॉक्टरनंच उपचार करायचे. मत चूक नव्हतं, पण दवाखाना लांब आणि बाळं घरीच मरत होती. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत आधी नोंदी करवल्या, घरोघरी बाळांना काय होतं ते लिहून काढलं. मग गावातल्याच बायकांना शिकवलं. बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचा, ऊब द्यायची, संसर्गाची चिन्हं ओळखायची आणि औषध द्यायचं. तिसऱ्या वर्षी, ताडून पाहण्यासाठी निवडलेल्या दुसऱ्या गावांच्या तुलनेत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली हे आकडे जगभर वाचल्या जाणाऱ्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आज आपली आशा ताई बाळंतिणीच्या घरी बेचाळीस दिवसांपर्यंत भेटी देते, त्या रीतीमागं हे काम आहे. व्हिएन्नातल्या बायकांचं बोलणं कुणी लिहून घेतलं नव्हतं. इथं बायकांनीच लिहिलं आणि जगानं वाचलं.

मैत्रिणींनो, आपल्या गटाची खरी ताकद रजिस्टरमध्ये आहे, हे आपण नेहमी म्हणतो. कुणाचा हप्ता आला, कुणाचा राहिला, हे आपण तोंडी ठेवत नाही, लिहितो. गावातल्या बाळंतपणाबद्दलही तसंच असावं. जन्म आणि मृत्यू ग्रामपंचायतीत नोंदला गेलाच पाहिजे. बाळंतपणात किंवा त्यानंतर एखादी आई गेली तर "तिचं नशीब" म्हणून विषय संपवू नये. ताप कधी आला, कुणाला सांगितलं, गाडी किती वेळानं आली, हे आशा ताईजवळ सांगावं. आणि मोठ्या माणसानं सांगितलेलं कारण ऐकावं, पण "ताई, हे कशावरून?" एवढं विचारायला लाजू नये. विचारताना भांडायचं नाही. आपल्याकडची नोंद समोर ठेवायची.

संसर्गानं बाळंतिणी आजही दगावतात, म्हणून शेवटी कामाचं सांगतो. बाळंतपणात पाच स्वच्छता पाळायच्या: स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नाळ कापायला नवं कोरं ब्लेड, बांधायला स्वच्छ दोरा आणि नाळेला काहीही न लावता ती स्वच्छ, कोरडी ठेवणं. बाळंतिणीला थंडी वाजून ताप आला, अंगावरून घाण वासाचं जाऊ लागलं, ओटीपोटात फार दुखू लागलं, तर अंगारा, काढा करत घरी थांबायचं नाही. १०२ किंवा १०८ ला फोन करून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. बाळाला घेण्याआधी हात धुवा, असं पाहुण्यांनाही सांगायचं, मग ते कितीही मानाचे असोत.

पुढच्या बैठकीत ही गोष्ट वाचून दाखवा आणि एका प्रश्नावर बोला. आपल्या गावात बायकांना पक्कं ठाऊक आहे, पण अजून कुणी कागदावर लिहिलेलं नाही, असं काय काय आहे? जे निघेल ते रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. आम्ही फेरीला येऊ तेव्हा आधी तेच पान उघडू.